सुलीला पत्र

जळगाव, 11 जानेवारी

प्रिय सुले,

फोनवर तू दोनदा विचारलंस, "आवाज असा का गं?" आणि दोन्ही वेळा मी सर्दीवर भागवलं. सासूबाई शेजारीच वाटाणे सोलत होत्या. म्हणून कागदावर सांगते. माझी पाळी गेली. 38व्या वर्षी.

आधी पाळी चुकायची ती मी दगदगीवर ढकलली, घाम उन्हाळ्यावर. वैशाखात आपल्याकडे पारा 45ला टेकतो, तेव्हा कोण कोरडं असतं? पण थंडी पडली, घर गोधडीत गुरफटलं आणि मी पहाटे तीनला गच्चीवर पदराने वारा घेत उभी! तेव्हा चमकले. रक्त तपासलं. महिन्याच्या अंतराने दोनदा, एफएसएच, म्हणजे बीजकोष थकले की रक्तात वाढतं ते हॉर्मोन, दोन्ही वेळा 25च्या कितीतरी वर. डॉक्टरीणबाईंनी हॉर्मोनच्या गोळ्या दिल्या.

मग नणंदबाईंनी एका सुयावाल्याकडे नेलं. अ‍ॅक्युपंक्चर गं, चिनी. त्यांच्या पिवळ्या सम्राटाच्या नावाने असलेल्या जुन्या ग्रंथात बाईचं आयुष्य सातासातांनी मोजतात. दोन साती, 14ला पाळी येते. सात साती, 49ला जाते. सगळी मदार मूत्रपिंडातल्या सत्त्वावर. म्हणजे माझी विहीर अकरा वर्षं आधीच आटली. खरं सांगू, डॉक्टरीणबाईंच्या 'बीजकोष निकामी' यापेक्षा हे मला पटकन कळलं. बोअर आटताना आपण पाहिलेत ना.

घोट्याच्या आतल्या हाडापासून चार बोटं वर सुई टोचतात. मुंगी चावल्यासारखं होतं, मग पाय जड. चार-पाच वेळा गेल्यावर झोप बरी लागायला लागली. सुयांमुळे, की अर्धा तास कुणी चहा मागत नाही त्यामुळे, देव जाणे.

त्याने काढ्याची पुडीही दिली. 'एर श्यान थांग', शांघायमध्ये 1950च्या दशकात बसवलेला, सहा वनस्पतींचा. पहिली कोणती असेल? काळी मुसळी! आपल्या सातपुड्यातली, जी पुरुषांच्या ताकदीची म्हणून कुजबुजत विकतात. मी हसत सुटले. नंतर कळलं की चिनी औषधशास्त्रातही ती विषारी म्हणूनच नोंदवलेली आहे, मात्रा सांभाळून द्यायची. माझ्या पुडीवर ना नाव, ना वजन.

राग त्याचा नाही. राग याचा की तो म्हणाला, "गोळ्या बंद करा, तीन महिन्यांत पाळी परत आणतो." आणि मी बंद केल्या! आशा फार निर्लज्ज असते, सुले. तीन महिने गेले, पाळी आली नाही. हाडांची तपासणी केली तर कमरेची हाडं विरळ व्हायला लागलेली. डॉक्टरीणबाई जाम चिडल्या. म्हणाल्या, "गोळ्या घामासाठी नाहीत फक्त. इतक्या लवकर इस्ट्रोजेन गेलं की हाडं आणि हृदय दोन्ही उघडी पडतात. पन्नाशीपर्यंत घ्यायच्या." सुयांना मात्र त्यांनी नाही म्हटलं नाही. जपानात तर साधे एमबीबीएससारखे डॉक्टरच 'काम्पो'ची, म्हणजे त्यांच्याकडच्या पारंपरिक वनस्पतींची, औषधं लिहून देतात, विम्यातही बसतात, असं त्यांनीच सांगितलं.

आता सुयांसाठी दुसऱ्या एका बाईंकडे जाते. या बाईंनी आधी माझे रिपोर्ट मागितले, गोळ्या चालू ठेवायला सांगितलं, आणि पाळीचं नावही काढलं नाही. रात्री दोनदाच उठते आता.

ह्यांना सगळं माहीत आहे. सासूबाईंना नाही. त्या अजून विचारतात, "काय वं, थंडीत पंखा?"

भरताची हिरवी वांगी आलीत, ढिगाने. रविवारी काड्यांवर भाजणार आहे, कळण्याच्या भाकरी करीन. शनिवारीच ये, रात्री गच्चीवर झोपू. तुला थंडी वाजेल, मला नाही.

तुझी,
मंदा