४०९ पैकी ४००

धरमपेठ, नागपूर
२२ मे

प्रिय मन्या,

सप्रेम नमस्कार. परवा फोनवर तू विचारलंस, "रात्र-रात्र जागून काय करून राहिला बे?" तेव्हा नीट सांगता आलं नाही. आज लाईन गेली आहे, कूलर बंद, झोप लागणं शक्य नाही. म्हणून वही काढली.

मी एक छोटी प्रोग्रामिंग लँग्वेज लिहून राहिलो आहे. तिच्यात अनिश्चित गोष्टी मांडायच्या, डोळ्यांनी जे दिसलं ते सांगायचं, आणि उरलेल्याची शक्यता तिनं काढून द्यायची. अंदाजे नाही, नेमकी, अपूर्णांकात.

आत्ताचंच बघ. समज, फीडर (आमच्या गल्लीतल्या सगळ्या घरांना वीज देणारी मुख्य लाईन) बंद पडण्याची शक्यता १/१०, माझ्या घरचा फ्यूज उडण्याची १/२०. घरात अंधार झाला, की फीडर बंद असण्याची शक्यता होते २०/२९ आणि फ्यूज उडालेला असण्याची १०/२९. (दोन्ही एकदम घडू शकतं, म्हणून बेरीज एकाच्या वर जाते.) मग गॅलरीत जाऊन पाहिलं, तर शेजारच्या काकूंकडेही अंधार. त्यांचा फ्यूज वेगळा, शक्यता तेवढीच. एवढं कळताच फीडरचा आकडा ४००/४०९ वर जातो, आणि माझ्या फ्यूजवरचा संशय २९/४०९ वर उतरतो. ३४ टक्क्यांवरून थेट ७ वर. माझ्या फ्यूजला कुणी हातही लावला नाही रे! काकूंच्या घरातला अंधार त्याच्या बाजूनं साक्ष देऊन गेला. कितीदा हे गणित केलं, तरी मला तेवढाच आनंद होतो.

हेच सॅम्पलिंगनंही करता येतं: प्रोग्राम हजारो वेळा चालवायचा आणि मोजत बसायचं. हो-नाहीऐवजी तापमान-वजनासारख्या अखंड राशी असल्या तर बरेचदा दुसरा इलाज नसतो. पण उत्तरात एक दशांश अंक वाढवायचा तर शंभरपट नमुने लागतात. आणि पाहिलेली गोष्टच दहा लाखांत एकदा घडणारी असेल, तर साध्या पद्धतीत जवळजवळ सगळे नमुने फेकून द्यावे लागतात.

नेमक्या उत्तराची वाट वेगळीच अवघड. एक फीडर आणि २० घरं म्हणजे २१ हो-नाही, म्हणजे २०,९७,१५२ जुळण्या. पण फीडरचं एकदा ठरलं, की घरांचा एकमेकांशी संबंधच उरत नाही. एकेक घर सुटं मोजता येतं. तुला-मला हे दिसतं. प्रश्न आहे तो कंपायलरला, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम वाचून त्याचं रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरला, कसं दिसावं याचा. रँडल ब्रायंट यांनी १९८६ मध्ये हो-नाहीच्या सूत्रांसाठी असे आलेख (ठिपके आणि त्यांना जोडणारे बाण) मांडले, की सारखा भाग एकदाच साठवला जातो. होल्ट्झेन, व्हॅन डेन ब्रोक आणि मिलस्टीन यांची २०२० ची 'डाइस' ही लँग्वेज अख्खा प्रोग्राम तशाच आलेखात उतरवते आणि मग त्यावर वजनं, म्हणजे शक्यतांचे आकडे, मोजते. मी तिच्याच मागून चालतो आहे.

म्हणून लँग्वेजमध्ये काय घालायचं यापेक्षा काय घालायचं नाही, यावरच माझे दिवस जातात. न संपणारे लूप, म्हणजे किती वेळा फिरायचं हे आधी न ठरलेल्या पुनरावृत्त्या, मी काढून टाकले. वाईट वाटलं, पण ते ठेवले असते तर आलेख कुठे थांबेल याची हमी देता आली नसती. फंक्शन, म्हणजे नाव दिलेले प्रोग्रामचे छोटे तुकडे, मात्र ठेवली: एकदा कंपाईल करायची, हवी तितक्या ठिकाणी वापरायची.

त्या फंक्शननीच मला दोन रात्री छळलं. 'घर' नावाच्या फंक्शनच्या आतच मी "अंधार दिसला" असं लिहिलं, आणि आतल्या आतच शक्यतांची बेरीज १ करून टाकली. फीडरचं उत्तर आलं १/१०. म्हणजे अंधार पाहूनही लँग्वेज काहीच शिकली नव्हती! सगळ्या जुळण्या हातानं मांडल्या तेव्हा चूक सापडली. फीडर बंद असेल तर अंधार दिसण्याचं वजन १, चालू असेल तर १/२०. तो फरक मीच आत पुसून टाकत होतो. आता प्रत्येक फंक्शन आपलं वजन सोबत घेऊन बाहेर येतं, आणि २०/२९ बरोबर येतं.

आता तुझ्याकडे काम आहे. तुझ्या लॅबमधल्या एकाच आजाराच्या दोन चाचण्यांचं खरं उदाहरण मला लिहून पाठव. रुग्णाचं नाव-गाव नको, फक्त चाचण्या किती वेळा चुकतात ते. आणि दोन्ही एकाच रक्ताच्या नमुन्यावर होतात की वेगवेगळ्या, हे लिहायला विसरू नकोस. नमुनाच खराब निघाला तर दोन्ही एकदम चुकतील, आणि मग आलेखच वेगळा काढावा लागेल.

आईला नमस्कार सांग.

तुझा,
नंदू