तू घरी बसण्याआधी

प्रिय मधू,

सप्रेम नमस्कार.

तुझी निवृत्ती दोन महिन्यांवर आली. आता वेळ कसा घालवणार, असं तुला सगळेच विचारत असतील. मला मात्र काळजी वहिनींची वाटते.

मी घरी बसलो तेव्हा शैलाला हातभार लावायचं मनात होतं. बिलं, बँक, औषधांच्या तारखा, सगळं माझ्याकडे घेतलं. तीस वर्षं तो हिशेब तिच्या डोक्यात होता, तिला वहीसुद्धा लागायची नाही. दुपारचे दोन तास तिचे स्वतःचे असत. कोडी सोडवायची, मैत्रिणींकडे जायची. मी एकटा राहीन म्हणून तिनं जाणं कमी केलं, मग बंदच केलं. मला वाटायचं, आता ती माझ्याजवळ बसते, किती छान.

दीड वर्षानं ती नावं विसरू लागली. एकदा सख्ख्या भाचीचं नाव आठवेना, तेव्हा रडली. तो दिवस मी विसरणार नाही. डॉक्टरांनी थायरॉइड, बी-१२, कान, सगळं तपासलं. स्मृतिभ्रंश नव्हता. नैराश्य होतं, झोप मोडलेली होती. नैराश्यात लक्ष लागत नाही, आणि जे मनात नीट शिरलंच नाही ते आठवणार कुठून, असं त्यांनी समजावलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही घरी आल्यापासून यांच्या दिवसात काय काय बदललं?"

त्या प्रश्नानंतर मी वाचत सुटलो. जपानमध्ये डॉ. नोबुओ कुरोकावा यांनी १९९१ मध्येच 'निवृत्त पती सिंड्रोम' असं नाव दिलं होतं. नवरा घरी बसल्यावर बायकांना जडणाऱ्या तक्रारींचं ते नाव. पुढे तिथल्याच जोडप्यांच्या माहितीवरून अर्थशास्त्रज्ञांनी पडताळून पाहिलं, तर नवऱ्याच्या निवृत्तीनंतर बायकांमध्ये ताण, उदासी, निद्रानाश वाढलेला आढळला. आणि 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचे टाळता येण्याजोगे जे १४ धोके सांगितले, त्यांत नैराश्य आहे आणि लोकांपासून तुटणंही आहे. शैलाच्या वाट्याला हे दोन्ही माझ्या निवृत्तीनंतर आलं.

सगळ्याच घरांत असं होतं असं नाही. जिच्यावर कामाचा खरोखर बोजा असतो, तिला नवरा घरी आल्यावर मोकळा श्वासही मिळतो. पण बोजा कोणता आणि जीव कशात गुंतलेला, हे तिलाच विचारायला हवं होतं. मी न विचारता उचललं.

आता बँक आणि बिलं पुन्हा तिच्याकडे आहेत. दुपारी मी बाहेर पडतो, रोज, कंटाळा आला तरी. ती मैत्रिणींकडे जायला लागली. औषधोपचार चालूच होते, त्यामुळे कशाचा किती गुण आला ते सांगता येणार नाही. पण परवा तिनं मला न विचारता विम्याची तारीख सांगितली, आणि बरोबर सांगितली.

रजा शिल्लक असेल तर आत्ताच पंधरा दिवस घरी राहून बघ. काही करू नकोस, वहिनींचा दिवस कसा जातो तेवढं पाहा. त्यातली कुठली वेळ त्यांना एकटीला हवी, कुठलं काम सोडायचं नाही, हे त्यांच्याच तोंडून ऐक. शैला म्हणते, वहिनींना तिचा फोन नंबर दे, ती स्वतः बोलेल.

तुझाच,
वसंता