झाडाखाली लॉन नको, कंद लावा

मा. संपादक,

मे महिना सरत आला की गृहसंस्थांच्या आवारात लॉनच्या चटया येऊन पडतात. आंब्याखाली, वर्षावृक्षाखाली त्या अंथरल्या जातात आणि दिवाळीपर्यंत तिथे पुन्हा उघडी माती दिसू लागते. दोष बहुतेक वेळा माळ्यावर येतो. पण हरळी असो की कोरियन लॉन, गवताला पाच-सहा तास थेट ऊन लागतेच. सावलीत युरिया टाकला तर ते आणखी लांबट, मऊ होते आणि पावसात बुरशीने बसते.

सह्याद्रीच्या रानात मोठ्या झाडांखालची जमीन पावसाळ्यात कधी उघडी नसते. पेवा, रानहळद, भुईचाफा, काळी मुसळी, शेवळा ही सगळी कंदवाली मंडळी तिथलीच. पहिल्या पावसावर उगवायचे, ऑक्टोबरपर्यंत पाने मिरवायची आणि मग जमिनीत झोपायचे, हा त्यांचा शिरस्ता. भुईचाफा तर वळवाच्या सरींवर पानांच्या आधीच मातीतून फुले काढतो.

लावण्यापूर्वी भर दुपारी झाडाखाली उभे राहून जमिनीकडे पाहावे. कवडसे हलताना दिसले तर वर सांगितलेले सगळे कंद चालतील. कवडसाही पडत नसेल तर फुलांची आशा सोडून नेचे लावावेत. मात्र नेच्याचा गड्डा मातीत पुरू नये, कोंब वरच राहू द्यावेत.

कंद पावसाच्या आठवडाभर आधी लावावेत. रानहळदीचा दोन डोळ्यांचा, बोटभर तुकडा पुरतो. कापलेल्या बाजूला राख चोळून एक दिवस सावलीत सुकवायचा आणि डोळा वर ठेवून ५ सेंमी खोल, फूटभर अंतरावर लावायचा. पेव्याला दोन ते तीन फूट जागा द्यावी, तो पसरतो. त्याच्या दांड्याचे तुकडे ओल्या वाळूत आडवे ठेवले तरी पेरापेरांतून फुटतात. काळी मुसळी वीतभर अंतरावर चालते. शेवळ्याचा कंद मात्र १० ते १५ सेंमी खाली हवा. (पहिल्या पावसात त्याचे कोंब भाजीसाठी खुडायचा मोह होतो. सगळे खुडू नयेत, आणि चिरताना हाताला तेल लावावे, नाहीतर खाज सुटते.)

खरी चूक होते ती खणताना. झाडाची अन्न घेणारी मुळे वरच्या फूट-दीड फुटातच असतात, म्हणून वाफा खणायचाच नाही. खुरप्याने मुळांच्या मधे खळगे करावेत. अंगठ्याएवढे जाड मूळ लागले तर खळगा बाजूला सरकवावा. खळग्यात दोन भाग माती, दोन भाग कुजलेला पालापाचोळा आणि एक भाग जाड रेती भरावी. ट्रकभर लाल माती आणून बुंध्यापर्यंत भर घालण्याची पद्धत तर बंदच व्हायला हवी. तिने साल कुजते, मुळांची हवा तुटते आणि दोन-चार वर्षांनी झाड शेंड्याकडून वाळू लागते. बुंध्याभोवती फूटभर जागा मोकळी ठेवावी. काळ्या मातीत पाणी साचून कंद कुजतात. तिथे बुंध्यापासून दूर, प्रत्येक कंदापुरता वीतभर उंच ढीग करावा किंवा सरळ कुंडी वापरावी.

गळलेली पाने झाडून जाळण्याऐवजी तिथेच दोन-तीन इंच पसरावीत. आंब्याची पाने जाड, ती चुरून टाकावीत, नाहीतर त्यांचा थर पाणी अडवतो.

पावसाळ्यात गोगलगायी कोवळे कोंब रात्रीत फस्त करतात. बॅटरी घेऊन त्या वेचाव्यात आणि मिठाच्या पाण्यात टाकाव्यात. मीठ जमिनीवर फेकू नये. रानहळदीची पाने गुंडाळलेली दिसली तर आत फुलपाखराची अळी असू शकते. चार पाने खाऊन ती जाते, फवारणीची गरज नाही.

ऑक्टोबरनंतर पाने पिवळी पडली की पाणी थांबवायचे. याच वेळी रोज पाइपने पाणी मारून बरेच कंद कुजवले जातात, किंवा ‘मेले’ म्हणून उपटून कचऱ्यात जातात. प्रत्येक कंदापाशी लावतानाच बांबूची खुंटी ठोकावी, म्हणजे मे महिन्यापर्यंत जागा लक्षात राहते. कोंब आले आणि ते वाकडेतिकडे लांबले, फूलच धरेना, तर सावली जास्त आहे असे समजावे. पानांच्या कडा करपल्या तर ऊन जास्त. वरच्या फांद्या विरळ करायच्या असतील तर आधी महापालिकेची परवानगी घ्यावी.

आणि हे कंद रानातून उपटून आणू नयेत. काळी मुसळी औषधासाठी आधीच भरपूर खणली जाते. रोपवाटिकेत मागावे, किंवा ज्यांच्याकडे पेवा माजला आहे त्यांच्याकडून मे महिन्यात गड्डा फोडून घ्यावा.

— एक वाचक, पुणे