स्कुबाला चाललात, मग माशांचं पुस्तक कोणतं घेताय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत मालवण-तारकर्लीच्या स्कुबावर, म्हणजे हवेची टाकी लावून पाण्याखाली उतरण्यावर, पान आलं होतं. हॉटेल, बोट, सनस्क्रीन, उलटीची गोळी सगळं होतं त्यात, पण खाली गेल्यावर जे दिसणारे ते ओळखायचं कसं यावर एक ओळ नव्हती. आमच्या परभणी, नांदेड, लातूरकडून सुट्ट्यांत गाड्या भरभरून लोक तिकडं जायलेत, काही जण तर अंदमानला जाऊन कोर्स करून यायलेत, अन् परत आल्यावर विचारलं काय बघितलं तर उत्तर एकच, ‘रंगीबेरंगी मासे होते, लई भारी’. कोकणातल्या पोराला मासे डोळ्यासमोरच असतात, आपल्याला माहीत ते धरणातले राहू, कटला, मरळ, अन् समुद्रातले म्हणाल तर ताटात आलेलं पापलेट नाहीतर सुरमई. तेव्हा पुस्तकाची गरज खरी आपल्यालाच जास्त आहे.

आता पुस्तक घ्यायचं म्हणलं की लोक ऑनलाइन जातात, जाड, गुळगुळीत, भरपूर स्टार मिळालेलं बघतात अन् मागवतात, आणि नेमकं तिथंच घोळ होतो, कारण त्यातली बरीच नावाजलेली पुस्तकं कॅरिबियन अन् फ्लोरिडाकडची असतात, म्हणजे अटलांटिक महासागराची. ते घेऊन अंदमानात उतरणं म्हणजे भाताचं पुस्तक वाचून ज्वारी पेरणं. साधी गोष्ट बघा, क्लाउनफिश, तो नारंगी-पांढरा, समुद्रफुलात लपणारा, ज्याच्यासाठी निम्मे लोक अंदमानला जातात, तो अटलांटिकात मुळात नसतोच, म्हणजे त्या जाडजूड पुस्तकात तो सापडणारच नाही. उलट काळे उभे पट्टे असलेला सार्जंट मेजर मासा दोन्हीकडं आहे अन् दिसायलाही जवळपास सारखा, पण जात वेगळी, शास्त्रीय नावानं तिकडचा अबुडेफडफ सॅक्साटिलिस अन् आपल्याकडचा अबुडेफडफ वैगिएन्सिस. पुस्तकात फोटो जुळला म्हणून माणूस खुश, अन् नाव मात्र दुसऱ्या महासागराचं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की किंमत, पानं, फोटो हे सगळं नंतर बघा, आधी कव्हरवर समुद्र कोणता लिहिलाय ते वाचा. आपल्याला हिंद महासागर नाहीतर इंडो-पॅसिफिक (हिंद अन् प्रशांत महासागर मिळून) असं लिहिलेलं पाहिजे. त्यातही अंदमानला जाणार असाल तर थायलंडच्या पश्चिम किनाऱ्याचं, म्हणजे अंदमान समुद्राचं पुस्तक बरंच कामाला येतं, लक्षद्वीपला जाणार असाल तर मालदीवचं घ्या कारण ती बेटांची रांग एकच आहे. मालवणसाठी किंवा मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटासाठी अरबी समुद्र धरून काही मिळालं तर उत्तम, नाहीतर इंडो-पॅसिफिकवालं घेऊन चालवा. फक्त एक आहे, संपूर्ण इंडो-पॅसिफिक म्हणजे तांबड्या समुद्रापासून पार पॅसिफिकातल्या बेटांपर्यंत, त्यात हजारोंनी जाती, नवख्या माणसाचं डोकं गरगरतं. असलं पुस्तक असेल तर प्रत्येक जातीपुढं ती कुठं कुठं सापडते याचा छोटा नकाशा आहे का हे नक्की बघा, नकाशा असला की निम्मे मासे तिथल्या तिथं बाद करता येतात.

दुसरं म्हणजे पुस्तक लावलंय कसं. इंग्रजी नावाच्या अक्षराप्रमाणे लावलेलं असेल तर काही उपयोग नाही, नाव माहीत असतं तर पुस्तक कशाला घेतलं असतं? अंगाच्या आकारावरून गट पाडलेले पाहिजेत, थाळीसारखे चपटे एकीकडं, सापासारखे लांब एकीकडं, तळाशी वाळूत बसणारे एकीकडं. रंगावरून लावलेलं तर मी म्हणेन घेऊच नका, कारण पाण्यात पाच-दहा मीटर खाली गेलं की लाल रंग जवळपास गायब होतो अन् सगळं निळंकरडं दिसायला लागतं, आणि पुस्तकातले फोटो असतात फ्लॅश मारून काढलेले, लालभडक. तुम्ही लाल मासा शोधत बसणार अन् तो समोरून काळपट होऊन निघून जाणार. मालवणचं पाणी तर अंदमानसारखं नितळही नसतं, तिथं आकार, शेपटी, पट्टा, ठिपका यावरच भागवावं लागतं.

पिल्लाचा अन् मोठ्याचा, नर-मादीचा वेगवेगळा फोटो आहे का हेही बघा. एम्परर एंजलफिशचं पिल्लू गडद निळं, अंगावर पांढऱ्या गोल गोल रेघा, अन् मोठा झाला की निळा-पिवळा पट्टेरी, एकच मासा आहे हे सांगूनही पटत नाही. पोपट माशाचं तर वयाप्रमाणे अन् नर-मादीप्रमाणे सगळं रूपच बदलतं. एका जातीला एकच फोटो देणारं पुस्तक इथं फसवतं, त्यापेक्षा चांगली रंगीत चित्रं असलेलं परवडलं.

आणि नुसतं माशांचं पुस्तक अर्धंच काम करतं. खाली गेल्यावर हात कशाला लावायचा नाही हे मासे नसलेल्या गोष्टींबद्दल जास्त कळायला पाहिजे. लायनफिश, स्टोनफिश यांचे विषारी काटे असतात हे माशांच्या पुस्तकात मिळेल, पण फायर कोरल, जे प्रवाळासारखं दिसतं पण खरं प्रवाळ नाही अन् हात लागला की भाजल्यासारखी आग होते, ते त्यात नसतं. कोन जातीचा, म्हणजे शंकूसारखा, शंख दिसायला इतका देखणा की खिशात टाकावा वाटतो, त्याच्यातल्या काही जातींचा डंख माणसाच्या जिवावर बेततो. म्हणून शंख-शिंपले, खेकडे, प्रवाळ यांचं प्रकरण असलेलं पुस्तक बघा. (प्रवाळाचे तुकडे शोकेससाठी आणणाऱ्यांनी १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदाही जरा वाचावा, मालवणचा समुद्र तर १९८७ पासून अभयारण्य आहे.) प्रवाळाची अचूक जात ओळखायच्या मात्र फंदात पडू नका, त्याला सांगाडा भिंगाखाली बघावा लागतो, फांद्यांचं, टेबलासारखं, मेंदूसारखं एवढं सांगता आलं तरी पुष्कळ.

पुस्तक पाण्यात न्यायचं नसतं हे सांगायची वेळ येते म्हणून सांगतो. पाण्यात न्यायला प्लास्टिकची कार्डं मिळतात, पन्नासेक मासे दोन्ही बाजूंनी, दोरी लावायला भोक. पण तीसुद्धा कोर्स केलेल्यांसाठी. मालवणला पहिल्यांदा उतरणाऱ्याला मागून इन्स्ट्रक्टरनं धरलेलं असतं, तिथं श्वास घ्यायचं आठवलं तरी खूप, कार्ड कुठून बघणार? त्यांनी रात्रीच्या ट्रॅव्हल्समध्ये पुस्तक चाळून जावं अन् वर आल्यावर बोटीतच दोन ओळी लिहून ठेवाव्यात. लांबी लिहिताना पाण्यात वस्तू साधारण एक तृतीयांश मोठी दिसते हे धरा, तुमचा तीन फुटी गोब्रा (हा एक मोठा समुद्री मासा) खरा सव्वादोनचाच असतो. आणि पाव टाकून मासे गोळा करणाऱ्या बोटवाल्याला आधीच नको म्हणा, पाव टाकला की त्या पट्टेवाल्या सार्जंट मेजरांचीच झुंबड उडते, फोटो झकास येतो अन् बाकीचं काहीच दिसत नाही.

परदेशी पुस्तकांच्या किमती परवडत नसतील तर फिशबेस ही माशांच्या माहितीची फुकटची साइट आहे, आयनॅचरलिस्ट या जीव ओळखायच्या साइटवर फोटो टाकला तर जाणकार लोक नाव सांगतात, अन् त्या भागात आधी कुणाला काय दिसलं तेही कळतं. बेटांवर नेटवर्कचा भरोसा नाही, घरूनच बघून, लिहून घेऊन जा. कार्ड स्वतः बनवून झेरॉक्सवाल्याकडं लॅमिनेट करणार असाल तर कागदाच्या चारी बाजूंनी बोटभर कोरं प्लास्टिक सोडायला सांगा, कागदाला लागून कापलं की पाणी आत शिरलंच म्हणून समजा.

आता तुमच्याकडं मागणी. पर्यटन खात्यानं किंवा मालवणच्या बोटवाल्यांनी मिळून तिथं खरंच दिसणाऱ्या तीस-चाळीस जीवांचं मराठी कार्ड काढावं, मालवणी नाव, शास्त्रीय नाव, पिल्लू अन् मोठा दोन्ही चित्रं, हात न लावायच्यांवर लाल फुली. ते कधी निघेल तेव्हा निघेल, तोपर्यंत पुढच्या सीझनच्या आधी तुमच्या पुरवणीत हॉटेलांची यादी थोडी कमी करून एक पान याला द्या. लॅमिनेशनचं आम्ही बघून घेऊ.

आपला,
एक वाचक, परभणी