सभेतले स्वातंत्र्य आणि उसाचे बिल

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

निवडणूक आणि गाळप हंगाम एकदम आले की कोल्हापूर जिल्ह्यात 'स्वातंत्र्य' या शब्दाचे पीक जोमात येते. कोणी शेतकऱ्याच्या पायातल्या बेड्या तोडायला निघतो, कोणी बाजार मुक्त करायला, तर कोणी कारखानदारांच्या तावडीतून सोडवायला. मोकळीक दिली की बरकत आपोआप मागून येते, हे या सगळ्या भाषणांत गृहीत धरलेले असते. ती कधीकधी येतेही. पण केव्हा येते आणि कोणाच्या घरी येते, हा हिशेब व्यासपीठावर मांडला जात नाही. तो मांडायला ऊस फार सोयीचा, कारण या पिकात जवळजवळ प्रत्येक गोष्ट कायद्याने बांधलेली आहे आणि प्रत्येक बंधनाची किंमत टनामागे काढता येते.

झोनबंदीचेच घ्या. पूर्वी कारखान्याचे क्षेत्र राखीव असे आणि त्या शिवारातला ऊस त्याच कारखान्याला घालावा लागे. झोनबंदी उठली तेव्हा 'आता ऊस कुठेही घाला' असे सांगितले गेले. कागदावर ते खरे आहे, अर्थात सहकारी कारखान्याच्या सभासदाला पोटनियमाने ऊस घालण्याचे बंधन असते, ते सोडून. पण उभा ऊस चालत गव्हाणीपर्यंत जात नाही. त्याला टोळी लागते, वाहन लागते, आणि टोळ्या मुकादमामार्फत उचल (आगाऊ रक्कम) देऊन कारखान्यांनी आधीच बांधलेल्या असतात. तोडीचा क्रम लागणीच्या नोंदीवरून ठरायचा असतो. प्रत्यक्षात चिटबॉयची, म्हणजे तोडीची चिठ्ठी देणाऱ्या कारखान्याच्या माणसाची, मर्जी किती चालते, हे प्रत्येक गावाला ठाऊक आहे. जुलैत लावलेला आडसाली ऊस पुढल्या वर्षीच्या डिसेंबरात सतरा महिन्यांचा होतो. तो फेब्रुवारीपर्यंत उभा राहिला की तुरा येतो, कांडी आतून पोकळ पडते, वजन आणि उतारा (उसातून निघणाऱ्या साखरेचे प्रमाण) दोन्ही घटतात. तोडून ठेवावा म्हटले तर एका दिवसानंतर साखर उतरायला लागते. वर टोळीची 'खुशाली' आणि ड्रायव्हरची 'एंट्री' म्हणून द्यावे लागणारे पैसे वेगळेच. ज्याचा माल ठेवता येत नाही आणि ज्याच्या हातात तोडीची यंत्रणा नाही, त्याचे विक्रीस्वातंत्र्य तोडीच्या चिठ्ठीएवढेच लांब असते.

आता याच्या उलटे एक उदाहरण. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने कारखान्याचे हात बांधले: ठरलेल्या दराखाली ऊस घ्यायचा नाही, पैसे चौदा दिवसांत द्यायचे, नाही दिले तर पंधरा टक्के व्याज. २००९ पासून त्या दराचे नाव एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, झाले. मुक्त बाजाराच्या भाषेत बघितले तर हा शुद्ध सरकारी हस्तक्षेप. पण शेतकऱ्याला कारखान्याच्या दारात घासाघीस करण्याची जी काही ताकद आहे, ती याच बंधनातून आली आहे. खरेदीदाराचे स्वातंत्र्य थोडे कमी केले म्हणून विकणाऱ्याचे वाढले. दोघांचेही एकाच वेळी वाढवतो म्हणणाऱ्या वक्त्याला हे कसे करणार, ते विचारावे.

२०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये एफआरपी आहे आणि त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये. आपल्याकडे बारा टक्के उतारा नवलाचा नाही. बारा टक्क्यांना वरचे साडेसतरा टप्पे होतात, म्हणजे ६०.५५ रुपये; एकूण ४१५.५५, टनाला ४,१५५ रुपये ५० पैसे. हा दर कारखान्याच्या दारातला आहे. तोडणी आणि वाहतूक कारखाना करतो आणि बिलातून कापतो. टनाला ९०० रुपये कापले असे धरले तर हातात ३,२५५ येतात. सभेत वरचा आकडा सांगितला जातो, खात्यावर खालचा जमा होतो, आणि मधल्या फरकाची फोड बिलावर क्वचितच नीट छापलेली असते. तोडणी-वाहतुकीचा खर्च लांबच्या उसामुळे वाढतो आणि तो सरासरीने सगळ्यांच्या माथी बसतो, त्यामुळे कारखान्याशेजारचा शेतकरीही पन्नास किलोमीटरवरच्या उसाचे भाडे भरतो. क्षेत्राबाहेरून ऊस आणण्याचे स्वातंत्र्य कारखान्याने वापरायचे आणि डिझेल शेतकऱ्याने घालायचे, असा हा प्रकार आहे.

चौदा दिवसांच्या अटीचे मोल शहरातल्या वाचकाला चटकन लक्षात येत नाही. ऊसकरी गावातल्या सेवा सोसायटीतून पीककर्ज घेतो. मुदतीत फेडले तर व्याज सवलतीमुळे तीन लाखांपर्यंत ते जवळजवळ बिनव्याजी पडते. मुदत चुकली की सवलत गेली आणि खाते थकीत. म्हणजे बिल दोन महिने लांबले तर नुकसान नुसते दोन महिन्यांचे नसते, वर्षभराची सवलतही जाऊ शकते. एक लाखाच्या बिलावर साठ दिवसांचे पंधरा टक्क्यांनी व्याज साधारण २,४६५ रुपये होते. कायद्याने ते आपोआप मिळायला हवे. मिळते ते भांडणाऱ्यालाच. वाट अशी आहे: आधी प्रादेशिक साखर सहसंचालकांकडे लेखी तक्रार, तिथून पुण्याला साखर आयुक्तांकडे, तिथे सुनावणी, मग 'आरआरसी', म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी साखर जप्त करून वसुली. आरआरसी निघते तोवर गोदामातली साखर बहुतेक वेळा बँकेकडे तारण असते आणि हंगाम संपलेला असतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्य सरकारने एफआरपी दोन हप्त्यांत देण्याची मुभा कारखान्यांना दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये तो निर्णय रद्द केला. केंद्राच्या आदेशाने दिलेली एकरकमी हक्काची रक्कम राज्याला तोडता येत नाही, एवढा साधा मुद्दा. त्यासाठी तीन वर्षे गेली.

आता दुसरी बाजू. जे पक्ष सभेत 'स्वातंत्र्य' म्हणतात, तेच सत्तेत गेल्यावर राजपत्रात 'हित' म्हणतात. ग्राहकहित, जनहित, ऊस उत्पादकांचे हित. शब्द बदलला की समजावे, काहीतरी बंद होणार. सप्टेंबर २०२३ मध्ये पाऊस कमी म्हणून राज्याबाहेर ऊस नेण्यावर बंदी घातली गेली. शिरोळ, कागल, गडहिंग्लज, चंदगडच्या उसाला कर्नाटकातले कारखाने हाच दुसरा गिऱ्हाईक आहे, तोच तोडला. संविधानाचा अनुच्छेद ३०१ देशभर व्यापार मुक्त असेल असे सांगतो, पण बंदी मागे घ्यायला लागला तो रस्त्यावरचा विरोध. त्याच वर्षी ७ डिसेंबरला केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी घातली, आठवडाभरात ती सैल करून १७ लाख टन साखरेची मर्यादा घातली आणि पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये ती काढली. 'शेतकरी आता अन्नदाताच नाही तर ऊर्जादाता' या घोषणेवर विश्वास ठेवून कर्ज काढून डिस्टिलरी वाढवणाऱ्यांचे हप्ते मात्र या नऊ महिन्यांत थांबले नव्हते. निर्यातीचेही तेच: २०२३-२४ च्या हंगामात बंद, जानेवारी २०२५ मध्ये दहा लाख टनांना परवानगी.

साखर उद्योग १९९८ मध्ये परवानामुक्त झाला, २०१३ मध्ये लेव्ही (सरकारला स्वस्तात द्यायची साखर) आणि विक्रीचा कोटा गेला, तेव्हा 'साखर मुक्त झाली' असे मथळे झळकले. २०१८ मध्ये भाव पडले आणि महिन्याचा कोटा परत आला, सोबत साखरेचा किमान विक्री दर. तो दर फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये झाला. नवा कारखाना काढायचा तर जुन्यापासून हवाई अंतर राज्यात २५ किलोमीटर, केंद्राच्या नियमात १५. हा नियम शेतकऱ्याच्या नावाने राखला जातो, पण त्याने खरे संरक्षण मिळते ते आहे त्या कारखान्याला. झोनबंदी दारातून गेली आणि अंतराच्या अटीने खिडकीतून परत आली, असे म्हटले तर फार चुकणार नाही. माझ्या मते एफआरपी राहावी आणि अंतराची अट जावी; दोन्ही 'नियंत्रण' या एकाच शब्दात कोंबल्या जातात म्हणून वाद भरकटतो.

गूळ बघा. गुऱ्हाळाला ना एफआरपी, ना अंतराची अट, ना कोटा. शाहूपुरीची पेठ शाहू महाराजांच्या काळात वसली आणि कोल्हापुरी गुळाचे नाव देशभर झाले. स्वातंत्र्यानेच बरकत येत असती तर आज गुऱ्हाळे वाढायला हवी होती. ती घटली. कारण गणितात आहे. एक टन उसातून साधारण ११० ते १२० किलो गूळ पडतो. ऊस टनाला ३,३०० धरला आणि गूळ ११५ किलो, तर नुसत्या उसाचीच किंमत किलोला २८ रुपये ७० पैसे झाली. गुळव्या, चुलवाणावरचा जाळव्या, भेंडी, चुना, रव्याचे कापड, हमाली, अडत हे सगळे त्यावर. जळण म्हणून चिपाड घरचे असते, हाच काय तो दिलासा. सौद्यात भाव चाळिशीच्या खाली गेला की मालकाच्या हाती काही उरत नाही. त्यात साखर मिसळून केलेला आणि बाहेरून आलेला गूळ 'कोल्हापुरी' म्हणून विकला जातो. भौगोलिक मानांकन मिळाले, पण पेठेत रोज नमुने काढून तपासणार कोण? प्रामाणिक उत्पादकाला इथे मोकळीक भरपूर आहे. कमी आहे ते भेसळ करणाऱ्यावरचे बंधन.

२०२० च्या कृषी कायद्यांवर आपल्याकडे भावनेनेच जास्त बोलले गेले, कलमे थोड्यांनी वाचली. व्यापारविषयक कायद्यात बाजार समितीबाहेर विकायची मुभा होती, खरेदीदाराला पॅन कार्ड पुरेसे होते, पैसे त्याच दिवशी किंवा फार तर तीन कामकाजी दिवसांत द्यायचे होते. यातले पहिले चांगलेच होते, आणि बाजार समित्यांच्या मक्तेदारीबद्दलची तक्रारही खरी आहे. पण पैसे बुडाले तर दाद प्रांताधिकाऱ्यांकडे मागायची. दिवाणी न्यायालयाचा दरवाजा त्याच कायद्याने बंद केला होता. स्वातंत्र्याच्या नावाने आणलेल्या कायद्यात कोर्टात जाण्याचेच स्वातंत्र्य नव्हते. बाजार समितीत निदान परवानाधारक व्यापारी आणि त्याचे तारण असते. नोव्हेंबर २०२१ मध्ये कायदे मागे घेतले गेले, आणि दुरुस्ती करण्याजोगे जे होते तेही सोबत गेले.

हा गोंधळ नवा नाही. १९५९ मध्ये स्वतंत्र पक्ष निघाला तेव्हा त्याचे संस्थापक राजाजींच्या भाषेत स्वातंत्र्य म्हणजे परमिट-लायसन्स राजमधून सुटका आणि मालमत्तेचा हक्क. त्याच काळात आपल्या भागात शेतकरी कामगार पक्षाच्या सभांत त्याच शब्दाचा अर्थ 'कसेल त्याची जमीन' असा होता. कुळकायद्याने १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरवला आणि कुळे जमिनीची मालक झाली. एकाचे बंधन ही दुसऱ्याची सुटका होती, आणि दोघेही खरे बोलत होते. त्याचा एक उलटा परिणाम आज दिसतो. कूळ लागेल या भीतीने मालक फाळ्याने (खंडाने) दिलेली जमीन कागदावर आणत नाही. कसणाऱ्याचे नाव सातबारावर नाही, म्हणून त्याला पीककर्ज नाही, महापुरात ऊस कुजला तर भरपाई मालकाच्या खात्यावर. गरिबाला सोडवायला केलेला कायदा आज दुसऱ्या गरिबाला अडवून बसला आहे, आणि त्यावर बोलायला एकही पक्ष तयार नाही, कारण दोन्ही बाजूंना मते आहेत.

शाहू महाराजांच्या कारभारात या बाबतीत शिकण्यासारखे बरेच आहे. नुसते जाहीरनामे नव्हते. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. 'सक्ती' हा शब्द वापरायला त्यांना संकोच वाटला नाही. १९१८ मध्ये महार वतने (गावकामाच्या बदल्यात दिलेल्या जमिनी) खालसा केली ती नुसते 'तुम्ही मोकळे' म्हणून नाही, त्या जमिनी कसणाऱ्यांच्या नावावर रयतावा (सारा भरून स्वतःच्या मालकीने कसायची जमीन) करून दिल्या. वतन नुसते काढून घेतले असते तर माणूस वेठीतून सुटला असता आणि उपाशी राहिला असता. राधानगरीच्या धरणाचे कामही त्याच काळातले.

या निमित्ताने आपल्या दैनिकाला एक विनंती. एफआरपीची आकडेवारी साखर आयुक्तालयाकडे दर पंधरवड्याला जमा होते. हंगामात दर पंधरा दिवसांनी जिल्ह्यातल्या प्रत्येक कारखान्यापुढे चार आकडे छापावेत: कोणत्या तारखेपर्यंतच्या उसाचे पैसे दिले, उतारा किती, तोडणी-वाहतुकीचे टनाला किती कापले, आणि उशिराचे व्याज दिले का. त्याच पानावर शेजारी नेत्यांची भाषणे छापली तरी आमची हरकत नाही.

आपला,
एक ऊस उत्पादक वाचक
करवीर, जि. कोल्हापूर