पिल्लू घरी आणण्याआधी

डेन्व्हर, रविवार रात्र

प्रिय अव्या,

पिटबुलच्या पिल्लाचा फोटो पाहिला. गोड आहे, त्यात वाद नाही. पण कान कापलेले दिसतायत. कशासाठी कापले, विकणाऱ्याला विचार. ‘रुबाबासाठी’ म्हणाला तर समज, याला कुत्रा कळत नाही, गिऱ्हाईक कळतं.

पिटबुल जात्याच खुनशी, की उगाच बदनाम, असं तू विचारलंस. आमच्या या गावानं त्यावर तीस वर्षं वाद घातलाय. डेन्व्हरनं १९८९ साली पिटबुलवर बंदी घातली आणि नोव्हेंबर २०२० मध्ये लोकांनीच मतदान करून ती उठवली. आता परवाना लागतो. मी इथं आलो तेव्हा बंदी होती, आणि पिटबुल पाळणारे सरळ चेहऱ्यानं ‘लॅब्रॅडोर मिक्स आहे हो’ सांगायचे. खालच्या मजल्यावरच्या शेजारणीचा कुत्रा बिस्किट त्यातलाच. तिनं पुढं त्याला तपासणीला नेलं. तिथं डोकं, जबडा, छाती बघून ठरवतात. पत्रिकेतले गुण जुळवावेत तसं.

कारण पिटबुल ही धड एक जातच नाही. अमेरिकन पिटबुल टेरियर, अमेरिकन स्टॅफर्डशायर, स्टॅफर्डशायर बुल टेरियर, वर त्यांची सगळी सरमिसळ, सगळ्यांना एकच नाव. आणि नजर फसते. फ्लोरिडातल्या कुत्र्यांच्या चार निवाऱ्यांत १२० कुत्री तिथल्याच कर्मचाऱ्यांना दाखवली. त्यांपैकी ६२ कुत्र्यांना कुणी ना कुणी पिटबुल म्हटलं, डीएनए तपासला तर १२० पैकी निघाली २५. तेव्हा पेपरात ‘पिटबुलचा हल्ला’ वाचलंस की थोडं थांबत जा.

जबडा ‘लॉक’ होतो ही तर निव्वळ थाप. तसली कळ कुठल्याच कुत्र्याच्या तोंडात नसते. पण याचा दुसरा अर्थ मला बागेत कळला. बिस्किटनं एका हस्की कुत्र्याची मान धरली. भुंकला नाही, गुरगुरला नाही, नुसता धरून उभा. हस्की किंचाळत होता, त्याचा मालक बिस्किटला लाथा मारत होता, काही उपयोग नाही. शेवटी शेजारणीनं गळ्यातला पट्टा पिळत नेला तेव्हा श्वास घ्यायला म्हणून त्यानं तोंड उघडलं. म्हणजे जबडा सुटतो. सोडायचं मनात येत नाही, एवढंच. घरी आल्यावर हाच बहाद्दर व्हॅक्युम क्लीनरला घाबरून पलंगाखाली शिरला.

हे धरून ठेवणं कुठून आलं? इंग्लंडात बांधलेल्या बैलांवर कुत्रे सोडायचा खेळ होता. १८३५ मध्ये तो कायद्यानं बंद झाला, मग खड्ड्यात कुत्र्यांच्याच झुंजी लागल्या. ‘पिट’ म्हणजे तो खड्डा. झुंजीत मागं न हटणाऱ्याचीच पिल्लं वाढवत नेली. म्हणून ‘सगळं संस्कारांवर असतं’ म्हणणारे मला तेवढेच भाबडे वाटतात. मात्र दुसऱ्या कुत्र्यावर जाणं आणि माणसावर जाणं या दोन गोष्टी वेगळ्या. मायकेल विक या अमेरिकन फुटबॉलपटूच्या झुंजीच्या अड्ड्यावरून २००७ मध्ये सोडवलेल्या कुत्र्यांपैकी कितीतरी पुढं घराघरांत नांदले. २०२२ मध्ये ‘सायन्स’ मासिकात आलेल्या अभ्यासात कुत्र्या-कुत्र्यांच्या वागण्यातला फरक जातीनं जेमतेम ९ टक्केच उलगडतो असं निघालं.

दुसरी बाजूही लपवत नाही. १९७९ ते १९९८ या काळात अमेरिकेत कुत्र्यांच्या हल्ल्यांत मेलेल्या २३८ जणांची नोंद तपासली, तेव्हा निम्म्याहून जास्त मृत्यूंत पिटबुलसारखे कुत्रे आणि रॉटवायलर होते. जात ओळखण्यातली गफलत त्यातही असणारच, पण म्हणून आकडा शून्यावर येत नाही.

आपल्याकडं केंद्रानं मार्च २०२४ मध्ये २३ जातींवर बंदी आणायचं पत्र राज्यांना पाठवलं. संबंधितांना विचारलंच नाही म्हणून कर्नाटक उच्च न्यायालयानं ते एप्रिलमध्ये रद्द केलं. त्यामुळं कायद्याकडं बघून तुझा निर्णय होणार नाही.

मी घराकडं बघून सांगतो. पॉमेरेनियन चावला तर टाके पडतात, हा चावला तर काय होईल? काकू वॉकर घेऊन चालतात, चिऊ पाच वर्षांची, तू महिन्यातले दहा दिवस दौऱ्यावर. २०२२ मध्ये लखनौत ८२ वर्षांच्या निवृत्त शिक्षिका घरात एकट्या असताना घरच्याच पिटबुलनं त्यांचा जीव घेतला. मुलाचाच कुत्रा, परका नव्हे. तुझं पिल्लू तसं निघेल असं मी म्हणत नाही, बहुतेक निघणारही नाही. पण वर्षभरानं ते पंचवीस किलोचं झालं आणि लिफ्टमध्ये शेजाऱ्यांच्या पगला बघून बिथरलं, तर साखळी कुणाच्या हातात असेल? वहिनींच्या. त्यांना विचारलंयस का?

तरी घ्यायचंच असेल तर पैसे देण्याआधी पिल्लाची आई बघ. फोटो नको, प्रत्यक्ष. अनोळखी माणूस दारात आला की ती काय करते ते बघ. ‘ती गावाला असते’ असं तो म्हणाला, तर तसाच मागं फीर आणि मला फोन कर, कितीही वाजलेले असोत.

काकूंना नमस्कार, चिऊला पापा.

तुझा,
पम्या