मावशी, त्या भरलेल्या पेल्याबद्दल

ख्रिस्तात प्रिय मावशी,

सप्रेम सलाम.

समोर येऊन आभार मानायला लागलो की तुम्ही विषय बदलता, नाहीतर हातात काहीतरी काम देता. म्हणून हे पत्र, आणि तेही कोणालाही वाचता येईल असं उघड. मंडळीत मागच्या बाकावर बसून माझ्यासारखं आतल्या आत कुढणारं आणखी कोणी असेल, तर तुम्ही मला जे दिलंत ते त्यांच्याही हाती लागावं.

प्रभुभोजनानंतर, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीनंतर, ते छोटे काचेचे पेले तुम्ही धुता. सात महिने माझ्या रांगेतला एक पेला भरलेलाच परत येत होता आणि तो कोणाचा हे तुम्ही ओळखलं होतं. तुम्ही कोणापाशी अवाक्षर काढलं नाहीत. एके रविवारी मला थांबवून घेतलंत, पेले पुसायला फडकं दिलंत आणि अर्धे पेले पुसून झाल्यावर माझ्याकडे न बघता विचारलंत, "तुझा कधी रिकामा होणार?"

मी वचन पुढे केलं. पहिलं करिंथ, म्हणजे प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेलं पहिलं पत्र, अकरावा अध्याय: जो अयोग्य प्रकारे खातो-पितो तो प्रभूच्या शरीराविषयी आणि रक्ताविषयी दोषी ठरतो. मी अयोग्य आहे, म्हणून घेत नाही, असं म्हणालो. तुम्ही म्हणालात, "पुढचं वाच." पुढच्याच वचनात पौल सांगतो की माणसाने आपली परीक्षा करावी आणि मग भाकर खावी, प्याल्यातून प्यावं. परीक्षा करून लांब बसावं असं तो कुठेही म्हणत नाही. लहानपणापासून ते वचन ऐकत आलो होतो, पण त्यातलं 'आणि मग' मला कधी ऐकूच आलं नव्हतं.

त्या दिवशी मी तुम्हाला सगळं सांगितलं. कामाच्या ठिकाणी हिशेबात मी एक आकडा चुकीचा टाकला होता. नुकसान झालं, चौकशी बसली. "हा आकडा कोणाचा?" असा प्रश्न आला तेव्हा मी टेबलाच्या कडेकडे बघत राहिलो. त्या टेबलाचा एक टवका उडालेला होता, तो आजही डोळ्यांसमोर आहे. शेजारी बसलेल्या सहकाऱ्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी मान वर केली नाही. दहा मिनिटांत बैठक आटोपली आणि त्या महिन्याअखेरीस त्याची नोकरी गेली. मी एकही शब्द खोटा बोललो नव्हतो. नुसता गप्प बसलो होतो.

मावशी, त्या वेळी "जाऊ दे, होतं असं माणसाच्या हातून" असं तुम्ही म्हणाला असतात तर मी परत आलो नसतो. तुम्ही म्हणालात, "हे पाप आहे." एवढंच. कोणीतरी त्याला त्याच्या नावाने हाक मारली याचा मला केवढा आधार वाटला! मलम तर लावायचंच असतं, पण जखमच नाही असं म्हणणाऱ्याच्या हातून ते कसं लावून घ्यायचं?

मग तुम्ही विचारलंत, "रडतोस तेव्हा डोळ्यांसमोर कोण असतं?" मी बराच वेळ विचार केला. उत्तर फार लाजिरवाणं होतं. मीच असायचो. मी किती वाईट, माझं आता काय होणार, मी कुठल्या तोंडाने प्रार्थना करू. ज्याचं घर मी अडचणीत टाकलं तो सहकारी त्या रडण्यात नव्हता, आणि वधस्तंभावरचा प्रभूही नव्हता. देवाच्या इच्छेप्रमाणे झालेलं दुःख तारणाकडे नेणारा पश्चात्ताप घडवतं आणि जगाचं दुःख मरण आणतं, हे पौलाचं वाक्य मला पाठ होतं. पण यातलं माझं दुःख कोणतं, हे मी कधी तपासलंच नव्हतं. तुम्ही येशूला धरून देणाऱ्या शिष्याची, यहूदाची आठवण दिलीत. त्यालाही पस्तावा झाला होता. चांदीचे ३० शिक्के त्याने परत नेले, निर्दोष रक्त धरून देऊन आपण पाप केलं हेही तो तोंडाने बोलला. शब्द सगळे बरोबर होते. पण ज्यांच्यापाशी तो बोलला त्यांनी "आम्हाला त्याचे काय?" म्हणून पाठ फिरवली, आणि ज्याच्यापाशी क्षमा होती त्याच्याकडे तो गेलाच नाही.

आणि मग ती लूकच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायातली पापी बाई, येशू जेवायला बसला असताना त्याच्या पायांशी येऊन रडलेली. तिच्याबद्दल तुम्ही जे बोललात ते मी घरी येऊन लिहून ठेवलं: "ती रडत होती, पण रडता रडता तिचे हात चालू होते." ज्याच्या घरी ते जेवण होतं त्या शिमोन परुश्याने येशूला पाय धुवायला पाणीसुद्धा दिलं नव्हतं. ते पाणी तिच्या डोळ्यांतून आलं. केसांनी पुसणं, मुके घेणं, सुगंधी तेल लावणं, सगळं त्याच आसवांतून चालू होतं. तिने आसवं पुसून टाकली नाहीत की त्यांत बुडूनही गेली नाही. तिची आसवं प्रभूच्या पायांना लागली. पापाच्या दुःखाचं करायचं काय, हा प्रश्न मी सात महिने उशाशी घेऊन झोपत होतो. त्याचं उत्तर एका बाईने तोंडातून शब्दही न काढता देऊन ठेवलं होतं.

पुढच्याच आठवड्यात तुम्ही मला त्या अंथरुणाला खिळलेल्या आजोबांकडे नेलंत. मी म्हणालो, माझ्यासारख्याला कशाला पाठवता? तुम्ही योहानाचा एकविसावा अध्याय काढलात. येशूचा शिष्य पेत्र याने आपण येशूचे नाहीच असं तीनदा नाकारलं ते कोळशांच्या विस्तवापाशी. पुनरुत्थानानंतर किनाऱ्यावर पुन्हा कोळशांचाच विस्तव, त्यावर मासळी, शेजारी भाकर. मूळ ग्रीकमधला तो शब्द सबंध नव्या करारात या दोनच जागी येतो, हे मला नंतर कळलं. तिथे प्रभूने तीनदा विचारलं, माझ्यावर प्रीती करतोस का? आणि प्रत्येक उत्तरावर त्याच्या हाती मेंढरं सोपवली. शिक्षा दिली नाही, कळप दिला.

आजोबांचे पाय धुताना पहिल्या दिवशी माझे हात थरथरत होते. टाचांच्या भेगांत साबण अडकायचा, तो बोटाने हळूहळू काढावा लागायचा. पाणी फार गरम झालं की ते काही बोलायचे नाहीत, नुसता अंगठा आत ओढून घ्यायचे. तो अंगठा बघायला शिकायला मला महिना लागला. त्या महिन्यात, मावशी, मी स्वतःकडे बघायचं पुष्कळदा विसरलो.

पण लगेच मी दुसरीकडे घसरलो आणि तेही तुम्हीच ओळखलंत. आजोबांकडे रोज जायला लागलो, आणखी दोन घरं अंगावर घेतली, झोप अर्ध्यावर आणली. एकदा मला बसवून तुम्ही विचारलंत, "फेडतोयस का रे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुम्ही परत लूकच्या त्याच सातव्या अध्यायात नेलंत, येशूने शिमोनाला सांगितलेल्या दोन कर्जदारांच्या दाखल्याकडे. एकाचं कर्ज ५०० दिनार, दुसऱ्याचं ५०. दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी, म्हणजे पहिल्याला दीड वर्षाची कमाई द्यायची होती. आणि प्रभू म्हणतो, दोघांपाशीही फेडायला काही नव्हतं, म्हणून सावकाराने दोघांनाही सोडलं. हप्ते बांधून दिले असं नाही. प्रीती आली ती त्यानंतर. १५६३ सालच्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीचे, म्हणजे ख्रिस्ती शिकवण प्रश्नोत्तरांत सांगणाऱ्या पुस्तकाचे, तीन भाग तुम्ही मला बोटांवर मोजून दाखवलेत: माणसाची दुर्दशा, सुटका, कृतज्ञता. दहा आज्ञांचं विवरण तिने तिसऱ्या भागात ठेवलं आहे. चांगलं वागणं म्हणजे उपकारस्तुती, हे त्या मांडणीतून कळलं तेव्हा माझ्या खांद्यावरून काहीतरी खाली उतरलं. दोन घरं मी दुसऱ्यांना दिली. आजोबांकडे जात राहिलो, आणि आता मला तिथे जावंसं वाटत होतं.

सगळ्यात अवघड गोष्ट राहिलीच होती. जॉन न्यूटनबद्दल तुम्ही सांगितलंत ते त्याचसाठी, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. हा माणूस गुलामांच्या जहाजाचा कप्तान. १७४८ च्या वादळात देवाचा धावा केला, तरी त्यानंतरही काही वर्षं तोच धंदा करत राहिला. १७५४ साली त्याने समुद्र सोडला, १७६४ साली त्याला पाळकाची दीक्षा मिळाली, आणि त्या धंद्याविरुद्ध पुस्तिका लिहून उघडपणे बोलायला १७८८ साल उजाडलं. ३४ वर्षं! त्या पुस्तिकेत त्याने आपण स्वतः त्या धंद्यात होतो हे लपवलं नाही. जहाजाच्या तळात माणसं कशी कोंबली जातात हे डोळ्यांनी पाहिलेला माणूस बोलतो आहे, म्हणून त्याच्या साक्षीला वजन आलं. ब्रिटिश संसदेने तो व्यापार बंद केला १८०७ साली, आणि त्याच वर्षी न्यूटन वारला. त्याची लाज शेवटपर्यंत गेली नसावी. पण ती लाज त्याने जहाजातल्या माणसांच्या कामी लावली.

मी ३४ वर्षं थांबायचं नाही असं ठरवलं. जुन्या कार्यालयाला सही करून पत्र लिहिलं: आकडा माझा होता. मग त्या सहकाऱ्याच्या दारात गेलो. ज्यांना फसवलं त्यांना चौपट परत देईन म्हणणाऱ्या जकातदार जक्कयाचं चौपट मला जमण्यासारखं नव्हतं, पण त्याचे जितके महिने कामाविना गेले त्यांतल्या काहींचा पगार मी साठवला होता, तो नेला. त्याने पाकीट घेतलं नाही. दारातच उभा राहून सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सांगितलंस, बरं केलंस." मग दार लावलं. मी जिन्यात थोडा वेळ बसलो. क्षमा मिळाली असं मी म्हणणार नाही, त्याच्याकडून अजून मिळालेली नाही, आणि ती मागत राहणं हाही त्याच्यावर बोजाच होईल. पण त्या जिन्यात मी रडलो तेव्हा डोळ्यांसमोर तो होता.

त्या रविवारी माझा पेला तुमच्याकडे रिकामा आला. तुम्ही तो इतरांसारखाच धुतलात, काही बोलला नाहीत. त्याबद्दलही आभार.

आता एक विनंती. तुमच्या प्रार्थनेच्या वहीत माझं नाव फार दिवस वर आहे, मला माहीत आहे. ते खाली घ्या. त्या जागी त्याचं लिहा. त्याला अजून कायमचं काम मिळालेलं नाही.

तुमचा,
पेले पुसणारा